मदत हवी आहे: जुनी बॉक्स्टर घ्यावी की एमएक्स-५?

नमस्कार मंडळी. मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. दोन सीटची जुनी गाडी घ्यायचं कधीपासून मनात आहे. बजेट सात हजार पौंड, त्यातले दीड हजार दुरुस्तीला बाजूला ठेवलेत.

पहिली २००१ची पोर्श बॉक्स्टर, २.७ लिटर. चालवून पाहिली, सीटमागून येणारा इंजिनाचा आवाज अजून कानात आहे. छताची प्लॅस्टिकची मागची काच पिवळी पडलीये, ते चालेल. पण या इंजिनातलं आयएमएस बेअरिंग (आतल्या मधल्या शाफ्टला आधार देणारं बेअरिंग) गेलं तर अख्खं इंजिनच जातं. क्लच बदलताना गिअरबॉक्स उतरतोच, तेव्हा बरेच जण तेही बदलून घेतात. या गाडीच्या फायलीत क्लचचं बिल आहे, बेअरिंगचा उल्लेखच नाही.

दुसरी २००४ची माझदा एमएक्स-५, १.८. ताकद कमी, पण पार्ट स्वस्त, बरंचसं काम घरी जमेल. भीती गंजाची. छतामागची पाणी जायची भोकं पानांनी तुंबली होती, आणि दाराखालच्या पट्टीवर ताजा काळा रंग मारलाय.

नुसत्या बेअरिंगसाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवणं परवडतं का? आणि रंगाआडचा गंज ओळखायचा कसा? शनिवारपर्यंत उत्तर द्यायचंय. या गाड्या वापरलेल्यांनी कृपया सांगा.