मुंबईत रविवार-सोमवार : घारापुरी कधी, बाकीचं कधी?

सोलापूरची_वाट
डिसेंबरात रविवारी सकाळी सिद्धेश्वरनं सीएसएमटीला उतरतोय, परतीची गाडी सोमवारी रात्री. सोबत आई (वय ६८, गुडघे दुखतात) आणि दहा वर्षांची मुलगी. रविवारी फोर्ट आणि म्युझियम, सोमवारी घारापुरी असं ठरवलंय. आईला पायऱ्या जमतील का?

भरती_ओहोटी
आधी दिवसांची अदलाबदल करा. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, त्यामुळे रविवारीच जा. नऊच्या सुमारास पहिली बोट सुटते, तीच पकडा. अकरानंतर लेण्यांत उभं राहायला जागा मिळत नाही. तिकीट गेटवेच्या खिडकीवरच घ्या, वाटेत गाठणाऱ्या माणसांकडून नको. परतीला तेच तिकीट दाखवावं लागतं, जपून ठेवा.

आईंना पायऱ्यांपेक्षा बोटीत चढणंच जड जाईल. ओहोटीला धक्क्याच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि त्यांवर शेवाळ असतं. बोटीही एकीला एक लागून उभ्या असतात, कधी एकीतून दुसरीत पाय टाकावा लागतो. चप्पल नको, बूट घाला आणि खलाशाचा हात धरू द्या.

तासाभरानं बेटावर उतरलात की धक्क्यावरून छोटी गाडी मिळते. पुढे साधारण १२० पायऱ्या. डोली मिळते, पण जाऊन-येऊन किती ते बसण्याआधीच ठरवा. खाऊची पिशवी हातात ठेवू नका, माकडं हिसकावतात. पुरातत्त्व खात्याचं तिकीट वर मिळतं, १५ वर्षांखालच्यांना लागत नाही.

कातळशिल्प
लेणं क्रमांक १ लाच सगळा वेळ द्या, बाकीची अपुरी किंवा पडझड झालेली आहेत. उत्तरेकडून आत शिरताना उजव्या हाताला नटराज, डाव्या हाताला योगीश्वर. सरळ चालत गेलात की समोर महेशमूर्ती, म्हणजे शिवाची तीन मुखांची भव्य मूर्ती, तिच्या डावीकडे अर्धनारीश्वर आणि उजवीकडे गंगाधर. लगेच फोटो काढू नका. बाहेरच्या उन्हातून आल्यावर डोळे सरावायला दोन-तीन मिनिटं लागतात, मग तिन्ही मुखांचे वेगवेगळे भाव दिसू लागतात. इथे घाई करणं म्हणजे आलेली संधी वाया घालवणं.

मुलीला एक गोष्ट नक्की दाखवा. पोर्तुगीजांनी ज्या दगडी हत्तीवरून बेटाला एलिफंटा नाव दिलं, तो आता बेटावर नाही. १८६४ मध्ये इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना तो फुटला. तुकडे जोडून उभा केलेला हत्ती भायखळ्याला राणीच्या बागेच्या आवारात आहे. बाग बुधवारी बंद असते, तुमच्या सोमवारी चालू.

फोर्टची_फेरी
मग सोमवारी सकाळी लोकलनं भायखळा, तिथून काळ्या घोड्याजवळचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. ते सोमवारी उघडं असतं आणि सव्वादहाला सुरू होतं. शेजारचं आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय मात्र सोमवारी बंद.

ओव्हल मैदान साडेचारनंतर ठेवा. हायकोर्ट, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर पूर्वेला आहेत, मावळतीचं ऊन थेट त्यांच्या दगडावर पडतं. समोरच्या आर्ट डेको (१९३०-४०च्या काळातल्या शैलीच्या) इमारतींवर तेव्हा सावली असते. त्या सकाळी छान दिसतात, पण दोन्ही जमणार नाही. आईंना मैदानाच्या कडेला बसवूनही टॉवर पूर्ण दिसतो. तिथून मरीन ड्राइव्ह पाच-दहा मिनिटांवर.

रविवारी लोकलच्या भरवशावर राहू नका, दुपारी मेगाब्लॉक असतो. सीएसएमटीहून गेटवेला मीटरनं टॅक्सी करा.

सोलापूरची_वाट
दिवस बदलले. डोली जातानाच हवी, की उतरतानाही?

भरती_ओहोटी
उतरतानाही. दुखऱ्या गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणं जास्त लागतं.