शब्दचर्चा: अतिश्रीमंत कर वाढला म्हणून 'पलायन' करतात, 'परागंदा' होतात की नुसता पत्ता बदलतात?

धागाकर्ती:
नमस्कार मंडळी, मी दादरला ज्युनिअर कॉलेजात शिकवते. मुलांच्या वादविवादासाठी विषय ठरलाय की अतिश्रीमंतांवर वेल्थ टॅक्स (म्हणजे माणसाच्या एकूण संपत्तीवर दरवर्षी लागणारा कर) लावला तर ते देश सोडून जातील का. मराठीत लिहायला घेतलं आणि दोन ठिकाणी अडले. वेल्थ टॅक्सला एका सरांनी 'मालमत्ता कर' लिहिलं, तर मुलांना वाटलं महापालिकेच्या बिलाबद्दल बोलायचंय, एकाने लगेच विचारलं आमचं घर ५०० फुटांच्या आतलं आहे आम्हाला तर माफ आहे ना. आणि दुसरं म्हणजे 'जाणं' याला शब्द कुठला? पेपरात 'श्रीमंतांचं पलायन' वाचते, ते मला खटकतं पण का ते नीट सांगता येत नाही. मदत करा.

प्रतिसाद:
'संपत्ती कर' लिहा, बाकी काही नको. वेल्थ टॅक्सच्या १९५७ च्या कायद्याला मराठीत तेच म्हणायचे. मुंबईत मालमत्ता कर म्हटलं की पालिकाच, त्यात बदल होणार नाही.

प्रतिसाद:
ताई, तुम्हाला खटकतंय ते बरोबर आहे. पलायन म्हणजे पळ काढणं, त्यात भीती किंवा गुन्हा गृहीत असतो. बँका बुडवून गेले त्यांच्यासाठी २०१८ च्या कायद्यात 'फरार' शब्द आहे आणि तो तिथे शोभतो. पण जो माणूस कायदेशीर कागद करून दुबईला राहायला गेला त्याला पळाला म्हणायचं कसं? आणि मला जास्त राग याचा येतो की 'पलायन' लिहिलं की प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन झालं, म्हणजे कर लावला, ते पळाले, चूक सरकारची, विषय संपला. खरोखर किती गेले हे कोणी बघतच नाही. अमेरिकेत क्रिस्टोबल यंग नावाच्या समाजशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या टॅक्स खात्याच्या नोंदी घेऊन बघितलं (हे काम २०१६ मध्ये छापून आलं) तर वर्षाला दहा लाख डॉलरच्या वर कमावणाऱ्यांपैकी साधारण २.४ टक्के लोक एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातात, आणि सगळ्या लोकांचा आकडा २.९ टक्के. म्हणजे श्रीमंत माणूस उलट कमी हलतो. आणि ते पटतंच ना, त्याचा धंदा, ओळखी, मुलांच्या शाळा, सगळं एका जागी रुजलेलं असतं. हातावर पोट असलेला माणूस काम मिळेल तिथे जातो. आपल्या मुंबईत अर्धं शहर तसंच आलंय.

प्रतिसाद:
वरच्या दादांचं बरंचसं पटलं, पण ते एकाच देशातल्या राज्यांचं झालं, आणि तेही उत्पन्नावरच्या कराचं. संपत्तीवर कर असला की गोष्ट थोडी बदलते. नॉर्वेने २०२२ मध्ये वरचा दर १.१ टक्के केला आणि त्याच वर्षी तिथले खूप मोठे उद्योगपती शेल इंगे रोक्के स्वित्झर्लंडला लुगानोला राहायला गेले, त्यांच्यासारखे आणखीही गेले. सरकारने मग देश सोडून जातानाचा कर कडक केला. तेव्हा कोणी जातच नाही असं मुलांना शिकवू नका.

मी फोर्टात सीएच्या ऑफिसात बरीच वर्षं आहे, आमच्याकडे शब्द साधा आहे, 'रेसिडेन्सी बदलली'. मराठीत 'करनिवास' म्हणावं असं मला वाटतं. कारण हलतं काय ते बघा. आपल्याकडे कर नागरिकत्वावर नाही, निवासावर आहे, वर्षात १८२ दिवस इथे राहिलात की निवासी. मग लोक दिवस मोजतात, पासपोर्टवरचे शिक्के सांभाळतात. आईवडील पेडर रोडला, कारखाना इथे, सणावाराला इथेच, आणि कागदावर पत्ता दुबईचा. याला बिऱ्हाड हलवलं म्हणता येत नाही, कारण बिऱ्हाड जागेवरच आहे! २०२० मध्ये म्हणूनच नियम बदलला, इथलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असलेल्या अशा येणाऱ्याजाणाऱ्या लोकांना बऱ्याच वेळा १२० दिवसांचाच हिशोब लागतो.

अजून एक, दरवर्षी दोन लाखांवर लोक भारताचं नागरिकत्व सोडतात (२०२२ ला २,२५,६२०) हा आकडा मुलं हमखास आणतील, 'बघा श्रीमंत चालले' म्हणून. तो आकडा सगळ्यांचा आहे, शिकायला नोकरीला जाऊन तिकडेच राहिलेले त्यात आले, आणि आपल्याकडे तर तेव्हा संपत्ती कर नव्हताच. २०१५ च्या बजेटमध्ये जेटलींनी काढून टाकला, कारण वर्षाला जेमतेम हजार कोटी मिळत होते (२०१३-१४ मध्ये १,००८ कोटी). मिळणार कुठून, शेवटच्या काळात ३० लाखांच्या वर १ टक्का होता पण त्यात शेअर धरलेच नव्हते, दागिने, गाड्या, जादा घरं, शहरातली मोकळी जमीन अशाच गोष्टी. ज्यांची सगळी संपत्ती शेअरमध्ये त्यांना तो कर लागलाच नाही.

धागाकर्ती:
खूप आभार, 'करनिवास' घेते. मग 'परागंदा' बद्दल काय वाटतं? आमची आजी कोकणातलं बोलताना वापरायची, अमुक घराणं परागंदा झालं असं.

प्रतिसाद:
परागंदा मूळ फारसी, विखुरलेला असा अर्थ. दुष्काळ, कर्ज, जुलूम यांनी घरदार सोडावं लागलं त्यांच्यासाठी तो शब्द राखून ठेवा ही विनंती, तो खाजगी विमानातून जाणाऱ्याला लावला की ज्यांच्यावर खरंच ती वेळ आली त्यांच्यावर अन्याय होतो.

पण गंमत बघा, कर आणि गाव सोडणं याचे शब्द आपल्या जुन्या कागदांत भरपूर आहेत. सारा झेपेना म्हणून रयत उठून दुसऱ्याच्या मुलखात जायची, गाव ओस पडायचं, मग सरकार 'कौल' द्यायचं की परत या, जमीन लावा, सारा हलका घेऊ. आणि 'इस्तावा', म्हणजे पहिल्या वर्षी थोडा सारा, मग दरवर्षी चढत चढत पूर्ण दराला. आज इटली काय करते? २०१७ पासून बाहेरून येणाऱ्या श्रीमंताला सांगते की परदेशातल्या उत्पन्नावर वर्षाला एक ठराविक रक्कम भरा, बास. सुरुवातीला १ लाख युरो होती, २०२४ मध्ये २ लाख केली. हा कौलच आहे, फक्त तेव्हा तो नांगर धरणाऱ्याला मिळायचा. मला वाटतं वादविवादात हा मुद्दा यायलाच हवा, श्रीमंत जातात तेव्हा मागून करानं ढकललं एवढंच नसतं, पुढून कोणीतरी कौल देऊन बोलवत असतं, आणि देश एकमेकांशी बोलून ते थांबवू शकतात.

धागाकर्ती:
काका, कौल तर फारच आवडला. आयकियाचे संस्थापक कांप्राद सत्तरच्या दशकात स्वीडन सोडून गेले आणि २०१४ मध्ये परत आले हे मी वाचलंय, स्वीडनने संपत्ती कर २००७ मध्ये काढला होता. हे उदाहरण कुठल्या बाजूला द्यावं?

प्रतिसाद (फोर्टवाली):
दोन्ही बाजूंना द्या. कराला कंटाळून गेले हे खरं, पण कर गेल्यावरही परतायला सात वर्षं लागली हेही खरं. म्हणजे एकदा हललेला माणूस लगेच परत येत नाही, तेव्हा दर ठरवताना निघतानाचा कर आधी बसवावा, नॉर्वेसारखा नंतर नको, असं माझं ठाम मत आहे. आणि एक शब्द राहिला, २०१५ मध्ये संपत्ती कराच्या जागी १ कोटीच्या वर उत्पन्न असलेल्यांवर २ टक्के जादा आला तो 'अधिभार', त्याला 'उपकर' लिहू नका. अधिभार म्हणजे सरचार्ज, उपकर म्हणजे सेस. राज्यांच्या वाटणीत मात्र दोन्ही येत नाहीत, महाराष्ट्राला त्यातला वाटा मिळत नाही, हेही मुलांना जरूर सांगा.