'विकृती' लिहू की 'धसका'?

करवीरकर:
माजी सैनिकांच्या घरच्यांसाठी एक माहितीपत्रक मराठीत करतोय. विषय पीटीएसडी, म्हणजे युद्धासारख्या भयंकर अनुभवानंतर मनाला जडणारा त्रास. त्याला 'आघातोत्तर ताण विकृती' लिहितात. मी 'विकृती' काढली, तपासणाऱ्यांनी परत घातली. चंदगडातल्या एखाद्या जवानाच्या बायकोनं आपल्या नवऱ्याला 'विकृती' आहे असं वाचायचं? दुसरा शब्द सुचवा.

शब्दवेध:
विकृती म्हणजे प्रकृतीतला बिघाड. आयुर्वेदात हाच अर्थ आहे. पेपरवाल्यांनी 'विकृत नराधम' लिहून शब्द नासवला, म्हणून आपण तो टाकून द्यायचा?

गडहिंग्लजची:
आयुर्वेद खरा असंल ओ, पण पत्रक वाचणार आमच्यासारखी माणसं. माझे चुलते कारगिलला होते. उसाचा फड पेटवला की पाचट ताडताड वाजतं, तसे ते बांधाआड पालथे पडतात, दोन्ही हात मानेवर घेऊन. मग दिवस मावळेपर्यंत कुणाशी बोलत नाहीत. काकू म्हणते, "ह्यांनी धसका घेतलाय." सगळ्या गावाला कळतं. तेच लिहा की.

फौजी_कागल:
धसका नको. पोरं परीक्षेचाही धसका घेतात. त्यात 'भ्याला' असं येतं आणि फौजीला तेच झोंबतं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश लष्करानं पळपुटे, भित्रे ठरवून ३०६ सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांतल्या कित्येकांची मनं आधीच मोडली होती. माफी मिळाली २००६ ला!

शब्दवेध:
धसका 'धसणे'वरून आलाय. विहिरीचा काठ धसतो, तसं आतून खचणं. भित्रेपणाचा संबंध नाही.

मिरजकर:
इंग्रजांचंही हेच झालं. चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी १९१५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 'शेल शॉक' हा शब्द वापरला. तोफगोळ्याच्या हादऱ्यानं मेंदू दुखावतो, असा तेव्हा समज. पण स्फोटाच्या आसपासही नसलेले जवान थरथरायला लागले, वाचा गेली. शेवटी १९१७ मध्ये लष्करानं तो शब्द कागदोपत्री लिहायलाच मनाई केली. पीटीएसडी हे नाव अमेरिकन मनोविकार संघटनेच्या यादीत आलं १९८० मध्ये, व्हिएतनामनंतर. म्हणून म्हणतो, 'आघातानंतरचा आजार' लिहा. आजार म्हटलं की माणूस दवाखान्यात जातो.

शब्दवेध:
ताण कुठं गेला मग? अर्धी संज्ञा गाळलीत.

गडहिंग्लजची:
ताण राहू दे, आधी माणूस दवाखान्यात जाऊ दे.

फौजी_कागल:
आणि विहिरीचा काठ ढासळतो ओ. 'धसतो' हिंदीतनं आलंय.

शब्दवेध:
मुळीच नाही. आमच्या पन्हाळ्याकडं बांध धसतो असंच म्हणतात.

करवीरकर:
पत्रक सोमवारी छापायला जातंय. मथळ्यात काय घालू?

फौजी_कागल:
पन्हाळ्याकडं म्हणजे नेमकं कुठं? आमची सासुरवाड तिकडचीच आहे, मी तरी कधी ऐकलं नाही.