लँडिंगला छोटं विमान हातातून सुटतं, ते पायांमुळे

पांझराकाठचा
धुळे-शिरपूरकडे शिकाऊ विमानं नेहमीची, म्हणून विषय इथेच काढतो. रडर, म्हणजे शेपटीचा उभा पडदा, नाक डावी-उजवीकडे वळवतो आणि तो पायांच्या पेडलनी चालतो. आजच्या वैमानिकाचे पाय झोपलेले असतात, हे माझं ठाम मत. पुढे चाक असलेल्या विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे असतो. थोडं तिरकं टेकलं तरी ते स्वतःच सरळ होऊ बघतं. शेपटीला चाक असेल तर मध्य मागे. जरा तिरकं टेकलं की शेपूट पुढे धावते आणि विमान गरकन फिरतं. तिथे रडर विसरून चालतच नाही. खासगी परवान्याच्या ४० तासांत ५ तास अशा विमानावर सक्तीचे करा.

सातपुडा_४५
काय भो, ज्यात जास्त घसरायचं त्यातच शिकवायचं? एकदा पंख घासला, प्रोपेलर वाकला की बिल कोण भरणार? १९४० च्या सुमारास अमेरिकेत एरकूप विमान आलं. रडरचे पेडलच नाहीत, आडव्या वाऱ्यात तिरकंच टेकवायचं, स्पिनमध्ये, म्हणजे गिरक्या घेत खाली, जायचं नाही. माणूस बदलण्यापेक्षा विमान बदला.

पांझराकाठचा
निम्मंच सांगितलंत. नाक फार वर जाऊ नये म्हणून त्याचा एलिव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारा शेपटीचा आडवा पडदा, ठरावीक मर्यादेपुरताच हलायचा. फार हळू आलात तर ते धोंड्यासारखं खाली बसायचं.

केळीवाला_रावेर
२०२१ मध्ये चोपड्याजवळ वर्डीला शिकाऊ विमान पडलं, प्रशिक्षक गेले. तेव्हा शेपटीचं चाक काय करणार होतं?

सातपुडा_४५
ते लँडिंग नव्हतं. इथे मिसळू नका.

तापीतीर
तुम्ही दोघं धावपट्टीकडेच बघताय. तिथे बहुधा चाकं आणि पंख मोडतात. माणसं जातात ती त्याआधीच्या शेवटच्या वळणावर. पाठीमागून वारा असला की वळण लांबतं, धावपट्टीची रेषा ओलांडली जाते. मग जास्त कललेलं दिसायला नको म्हणून वैमानिक आतल्या बाजूचा रडर दाबतो, उलटा एलेरॉन (पंखाच्या टोकाचा, विमान कलवणारा पडदा) देतो आणि नाक खाली जातंय म्हणून स्टिक, म्हणजे हातातला दांडा, ओढतो. आतला पंख आधी स्टॉल होतो, म्हणजे उचल देणं सोडतो, विमान पाठीवर पडतं. सावरायला उंचीच नसते. आणि कल वाढवला तरी सुटका नाही: उंची राखून ४५ अंश कललात तर स्टॉलचा वेग सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांत ४१.
त्यात आपला मे महिना. ४५ अंश तापमानात हवा विरळ, म्हणून वेगाच्या काट्यावर ६५ नॉट (ताशी सागरी मैल) असले तरी खरा वेग ७० च्या आसपास. जमीन भरभर पळताना दिसते, नवखा मुलगा उगाच वेग तोडतो.

पांझराकाठचा
म्हणजे चूक पायांचीच ना!

तापीतीर
झोपलेल्या पायांची नाही, नको तिथे जाग्या झालेल्या पायांची. धावपट्टीवर ५ तास शेपूट सांभाळून ते कळत नाही. भरपूर उंचीवर नेऊन असा तिरका स्टॉल एकदा दाखवावा लागतो, शेजारी प्रशिक्षक बसवून. खाली नियम एकच: रेषा ओलांडली की गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर जायचं. पण पोरांना ते नापास झाल्यासारखं वाटतं, आणि काही प्रशिक्षकांचा चेहराही तसंच सांगतो.

सातपुडा_४५
हे पटलं. तरी पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन दाखवणारा कोनमापक बसवा म्हणतो मी. स्टॉल त्या कोनामुळे होतो, वेगाचा काटा तो दाखवत नाही. सेस्ना १७२ या छोट्या विमानाचा स्टॉलचा इशारा देणारा भोंगा तर एकट्या डाव्या पंखावर.

पांझराकाठचा
बसवा की. माझे ५ तास तेवढे ३ करतो, त्याखाली येणार नाही.