मदत हवी आहे: ऊसतोडीवर गेलेल्या क्षयरुग्णाच्या गोळ्यांत खंड पडू नये म्हणून काय करता?

बीडच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास निघतात, परततात मार्च-एप्रिलला. क्षयाचा नेहमीचा कोर्स सहा महिन्यांचा: दोन महिने चार औषधं, पुढे चार महिने तीन. म्हणजे बराचसा कोर्स कोपीवरच (मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीवर). निक्षयवर (क्षयरुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीवर) रुग्ण ट्रान्सफर करायला पुढचं केंद्र माहीत हवं. टोळीचा फड (तोडीचं शेत) बदलला की तेच चुकतं. ओपीडी सकाळची, आणि खाडा झाला की मजुरी कापतात. त्यामुळे ‘रुग्ण सहकार्य करत नाही’ हा शेरा मला तरी अन्यायाचा वाटतो.

महिन्याच्या गोळ्या सोबत देऊन, संध्याकाळी कोपीवर जाणारी आशा सेविका कुणी जोडली आहे का? टोळी नेणाऱ्या मुकादमाला रुग्णाचा आजार न कळता टोळीचं ठिकाण कसं मिळवता? क्षयरुग्णाला सरकारकडून मिळणारे पोषणाचे महिना 1000 रुपये आधार न जोडल्याने अडकले, तर गावाबाहेरून ते कसं सोडवता?