मदत हवी आहे: पोकरचं सॅटेलाइट नेमकं कुठल्या पायरीवरून खेळावं?

मंडळी, मी लेस्टरला असतो, इथे लायसन्स असलेल्या साइटवर पोकर कायदेशीर आहे (भारतात 2025 च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन गेम बंदच झालेत, तेव्हा तिकडच्यांनी कृपया ट्राय करू नका). मला रविवारची 215 डॉलरची टुर्नामेंट खेळायचीय पण एवढे एकदम टाकायची ऐपत नाही, म्हणून सॅटेलाइट (बक्षीस म्हणून मोठ्या टुर्नामेंटचं तिकीट देणारी स्वस्तातली स्पर्धा). आता तिथे 2.20 ची पायरी आहे, त्यातून 22 चं तिकीट, त्यातून 215 चं. दर दहा जणांमागे साधारण एकच सीट (म्हणजे वरचं तिकीट), म्हणजे खालून सुरू केलं तर शंभरात एक झालं ना? शिवाय प्रत्येक पायरीला फी वेगळी कापतात, ती दोनदा जाते. मग महिन्यातून दोनदाच थेट 22 वालं खेळू का?

दुसरं म्हणजे बबल (एक जण बाहेर गेला की उरलेल्यांना सीट, तो टप्पा). परवा 5 सीट होत्या, आम्ही 6 जण उरलेलो, मी चिप्समध्ये दुसरा, एकाकडे फक्त दोन ब्लाइंड (डावात सक्तीने लावावी लागणारी रक्कम) पुरतील एवढ्याच चिप्स, आणि मी क्वीन्सची जोडी घेऊन सगळ्यात जास्त चिप्सवाल्याला सगळ्या चिप्स लावून भिडलो. त्याच्याकडे एक्का-राजा, रिव्हरला (टेबलावरच्या शेवटच्या पानाला) राजा आला, मी बाहेर. सीट सगळ्यांना सारखीच मिळते तर तिथे क्वीन्स सोडून द्यायलाच हव्या होत्या हे आता कळतंय आणि फार लागलंय मनाला.

हायपरमध्ये (ब्लाइंड फार झपाट्याने वाढतात त्या प्रकारात) विचार करायला वेळच मिळत नाही, म्हणून संथ ब्लाइंडवालं घ्यावं असं वाटतं, पण ते रात्री दोनपर्यंत चालतं आणि सकाळी सहाची शिफ्ट. गॅरंटीड सीट जास्त आणि माणसं कमी असं कुठल्या वेळी सापडतं? जे नियमित खेळतात त्यांनी प्लीज सांगा.