मदत हवी आहे: डाउनीचा धोका फोनवर कसा दाखवावा?

नमस्कार मंडळी,

निफाड तालुक्यातल्या आमच्या भावकीच्या 11 द्राक्षबागांसाठी मी फोनवर चालणारं एक साधन बनवतोय. ऑक्टोबर छाटणीनंतर डाउनीची (द्राक्षाच्या पानांवर आणि घडांवर येणारा बुरशीचा रोग) फवारणी आज घ्यायची की थांबायचं, एवढ्या एकाच निर्णयासाठी. तापमान, आर्द्रता आणि पान किती तास ओलं राहिलं हे बागेतल्या यंत्रावरून येतं, पावसाचा अंदाज बाहेरून घेतो. गणित जमलंय. घोडं अडलंय ते दाखवण्यात.

गेल्या हंगामात सरळ रंग दिले होते. लाल म्हणजे फवारा, हिरवा म्हणजे थांबा. एका चुलतभावाला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, हे तेव्हा घरात पहिल्यांदा समजलं. ते निस्तरता आलं. दुसरी गोष्ट मात्र जिव्हारी लागली. नाना रोज सकाळी ओळीतून फिरताना पान उलटून बघायचे. वर तेलकट पिवळा डाग, खाली पांढरी बुरशी. फोनवर हिरवा दिसायला लागला आणि ते फिरणंच कमी झालं. ऐन फुलोऱ्यात पानाचा ओलावा मोजणारी पट्टी सरकून दाट पानांआड गेली, साधन 3 दिवस हिरवंच राहिलं, आणि डाउनी घडात शिरला. नाना मला एका शब्दानंही बोलले नाहीत.

मग रंग काढून धोक्याचे टक्के दिले. काका म्हणाले, "40 टक्के म्हणजे 40 टक्के बागेत येणार का?" हा गोंधळ जुनाच आहे. मानसशास्त्रज्ञ गिगेरेंझर आणि सहकाऱ्यांनी 2005 साली युरोपातल्या 4 शहरांत आणि न्यूयॉर्कमध्ये 'उद्या पावसाची शक्यता 30 टक्के' याचा अर्थ लोकांना विचारला होता. तिथंही अनेकांना ते 30 टक्के भाग किंवा 30 टक्के वेळ वाटलं होतं.

संशोधक मॅथ्यू के आणि मंडळींनी 2016 साली बस कधी येईल हे ठिपक्यांनी दाखवलं होतं, एक ठिपका म्हणजे एक शक्यता. त्यावरून मी 20 पानं काढली, 7 डागाळलेली. नानांना ते आवडलं. पण आता मलाच धास्ती वाटते की '20 पैकी 7 पानांवर रोग' असा अर्थ कुणी घेईल. पानांऐवजी काय काढू? आजच्यासारखे 20 दिवस?

दुसरं, पट्टीवर भरवसा उरला नसेल तर ते कसं दाखवावं? आकडा पुसट करू, की दाखवूच नको?

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. 'आज पान उलटून पाहिलं का, काय दिसलं?' हे आधी विचारून मगच धोका दाखवावा असं मनात आहे. पहाटे साडेपाचला ब्लोअर (फवारणीचं यंत्र) जोडून उभ्या असलेल्या माणसाला हा प्रश्न जाच वाटेल का? फुकटची फवारणी म्हणजे खर्च आणि निर्यातीच्या मालात औषधाच्या अंशाची भीती, चुकलेली फवारणी म्हणजे हंगाम. दोन्ही चुका सारख्या नाहीत, हेही त्याच पडद्यावर बसवायचंय.

कापूस, डाळिंब, कांदा, कुठल्याही पिकासाठी असं काही केलेल्यांनी अनुभव सांगावा. छाटण्या तोंडावर आल्यात.